सही नसलेला मजकूर

माझी भाची प्राची माझी वेबसाइट बनवते आहे. या वयात मला वेबसाइट कशाला, असं तिला विचारून पाहिलं. पण ती कॉम्प्युटरवाली मुलगी. तिच्या मते वेबसाइट नसलेला माणूस म्हणजे रेशनकार्ड नसलेला माणूस. फोटो झाला, फोन नंबर झाला, 'आमच्या सेवा' झाल्या. मग एका रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून ती म्हणाली, "आत्या, इथे तुझं वेगळेपण लिही. दोन-तीन ओळी बस झाल्या."

"कसलं वेगळेपण?"

"अगं, बाकीचे पण लिहितातच ना. मग लोकांनी तुझ्याकडेच का यावं?"

"लोक येत नाहीयेत म्हणून तर तू वेबसाइट काढते आहेस," मी म्हटलं. ती हसली, मीही हसले. पण चौकट रिकामीच राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी ओळी पाडल्या आणि स्वतःसाठी दोन ओळी सुचेनात, याची लाज वाटली आणि थोडी भीतीही वाटली. आपलं वेगळेपण असं काही नसलंच तर? इतकी वर्षं जे लिहिलं त्यात माझं म्हणावं असं काही होतं की नव्हतं? दिवाळी अंकासाठी 'तुमच्या व्यवसायाबद्दल लिहा' असा निरोप नेमका त्याच सुमारास आला, तेव्हा म्हटलं, इथेच लिहू. वेबसाइटपेक्षा इथे जागा जास्त आहे.

मी भिवंडीत राहते आणि लिहून पोट भरते. हे वाक्य ऐकून लोक दोनदा विचारतात. भिवंडीत लूम चालवून पोट भरतात, गोदामात माल चढवून भरतात, रिक्षा चालवून भरतात. लिहून कोण भरतं? आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांचं मत, 'त्या घरीच असतात' असं आहे. हल्ली या कामाला फ्रीलान्स असा भारदस्त शब्द मिळाला आहे. त्याचा अर्थ एवढाच की मी कुणाचीच नोकर नाही, म्हणून कुणीही मला कधीही फोन करतं.

काय लिहिते? लग्नपत्रिकेतला मजकूर, दुकानाच्या उद्घाटनाचं पत्रक, शाळेच्या स्मरणिकेतलं मुख्याध्यापकांचं मनोगत, निवडणुकीचा कार्यअहवाल, श्रद्धांजलीचं भाषण आणि मानपत्रं. मानपत्र म्हणजे माणूस निवृत्त झाला की शाल-श्रीफळाबरोबर काचेच्या फ्रेममध्ये घालून जो कागद देतात तो. समारंभात कुणीतरी तो मोठ्याने वाचतं, उत्सवमूर्ती मान खाली घालून ऐकते आणि नंतर फ्रेम घरात कपाटावर चढते.

या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशीच शिकावी लागते. मजकुराखाली आपली सही नसते. मी आजवर 'समस्त ग्रामस्थ' झाले आहे, 'शोकाकुल परिवार' झाले आहे, 'आपलाच नम्र सेवक' तर कितीदा झाले, देव जाणे. एका लग्नात माझ्याच शेजारी बसलेले गृहस्थ मला पत्रिका दाखवून म्हणाले, "बघा, आमच्या साडूंनी स्वतः लिहिलीय. हाताला काय गोडवा आहे!" मी म्हटलं, "हो ना!" आणि जिलेबी घेतली.

तर असा सगळा गुप्त कारभार. आणि तो पकडणारा अख्ख्या भिवंडीत एकच माणूस होता. त्याचं नाव रफीकभाई.

रफीकभाईंची प्रेस धामणकर नाक्याच्या आतल्या गल्लीत होती. एका बाजूला लूमचा कारखाना, दुसऱ्या बाजूला बिर्याणीवाला. खटखट, वास आणि रिक्षांचे हॉर्न यांच्या मध्ये हा माणूस जाड चष्मा लावून शांतपणे टाईप करत बसलेला असायचा. पूर्वी अक्षरांचे खिळे जुळवायचे, मग कॉम्प्युटर आला. घरी बोलायची भाषा उर्दू-हिंदी, पण मराठी मजकूर जुळवून जुळवून मराठी पक्की झालेली. बोलताना मात्र एका वाक्यात दोन्ही घालायचे आणि वर हातवारे. स्वभावाने बढाईखोर. भिवंडीतली प्रत्येक मोठी लग्नपत्रिका आपणच छापली, असं त्यांचं म्हणणं असायचं.

माझी गिऱ्हाइकं माझ्याकडून मजकूर घ्यायची, स्वतःच्या अक्षरात उतरवून काढायची आणि आपणच लिहिल्याच्या थाटात प्रेसवर नेऊन द्यायची. संध्याकाळी माझा फोन वाजायचा.

"मॅडम, माल पकडा गया."

"कसला माल?"

"अब छुपाओ मत. वो शेलारवाले पाटील साब का भाषण. कागज उनका है, अक्षर उनके लडके का है, माल आपका है."

मी हसायचे, 'तुम्ही पण ना' म्हणायचे आणि फोन ठेवायचे. त्यांनी ओळखलं कसं, हे मी कधी विचारलं नाही. आपल्याला कुणीतरी ओळखतं, एवढं पुरेसं वाटायचं. विचारलं असतं तर कदाचित ती गंमत गेली असती. आणि ते चुकायचेही. एकदा मूळव्याधीच्या एका दवाखान्याचं पत्रक माझंच आहे, असं ते छातीठोकपणे म्हणाले. ते माझं नव्हतं. त्यात 'बैठकीचा आनंद पुन्हा अनुभवा' असं वाक्य होतं. ते मी लिहू शकते असं त्यांना वाटलं, याचा मला इतका राग आला की पुढची लग्नपत्रिका मी मुद्दाम दुसऱ्या प्रेसला पाठवली.

आता दोन-चार कामं सांगते. मोठी कामं नव्हेत, पण अजून डोक्यातून गेलेली नाहीत.

पडघ्याच्या पुढे आतल्या एका गावातले गुरुजी निवृत्त होत होते. सत्कार समितीच्या अध्यक्षांनी मला फोनवर विशेषणंच सांगितली. ज्ञानमहर्षी, ऋषितुल्य, कर्तव्यकठोर. म्हणाले, "बाकी तुम्ही जोडून घ्या." विशेषणं जोडून मानपत्र होतंही. काम तासाभराचं असतं आणि ते कुणालाही लागू पडतं, फक्त ज्याचं आहे त्याला सोडून. पण मला घरी बसून सुचत नाही. मी बसने पडघा, तिथून जीपने गाव असं करत शाळेत गेले. गुरुजी लाजून काही बोलेनात. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या यमुनाबाई मात्र चुलीपासून हलल्या नाहीत आणि बोलायच्याही थांबल्या नाहीत.

"गुरुजींचा काय सांगू, ताय. आधी पोरांना वाढाया सांगायचं. मंग त्या कुत्र्याला. मंग सोता बसायचं. टोपात न्हाय उरला तर मना बोलायचं, 'यमुनाबाय, आज भूक न्हाय.' भूक न्हाय कशी? मना काय कलत न्हाय? म्हनून मी येक डाव आधीच झाकून ठेवायची. त्यांना अजून म्हाईत न्हाय."

मी हे सगळं मानपत्रात घातलं. पोरं, कुत्रा आणि यमुनाबाईंनी झाकून ठेवलेली डावभर खिचडी. अध्यक्ष हादरले. "मॅडम, मानपत्रात कुत्रा?" मी म्हटलं, कुत्रा काढायचा तर दुसरं कोणी बघा. वेळ नव्हता म्हणून कुत्रा राहिला. समारंभात ते वाचलं गेलं तेव्हा मंडप हसला. गुरुजी व्यासपीठावरून मागे भांड्यांपाशी उभ्या असलेल्या यमुनाबाईंकडे बघत होते. त्यांना ते तेव्हा पहिल्यांदा कळलं होतं. पुढे त्यांनी रफीकभाईंच्या प्रेसवरून त्याच मानपत्राची आणखी एक प्रत करून घेतली, यमुनाबाईंच्या घरात लावायला. त्या दिवशीचा फोन मला अजून आठवतो. "मॅडम, आज तो दो दो बार पकडा."

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे आमच्याच भागातले एक होऊ घातलेले नगरसेवक. त्यांना कार्यअहवाल हवा होता आणि अडचण अशी की कार्य नव्हतं. मी त्यांच्या घरी गेले. गटार तुंबलं, नळाला पाणी नाही, दिवा गेला, असं सांगायला लोक दारात येत होते. साहेब 'मीटिंगमध्ये' होते, म्हणजे आत झोपले होते. त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, पदराला हात पुसत दारात उभी राहून ऐकायची आणि साहेबांच्याच फोनवरून मुकादमाला झापायची. "येतोस की मी येऊ तिकडं?" मुकादम यायचा.

मी अहवालात ते दार लिहिलं. ते कुणासाठीही बंद नसतं आणि दारात वहिनी उभी असते. साहेबांनी वाचलं, डोकं खाजवलं. "मॅडम, यात माझ्यापेक्षा हिचंच जास्त झालंय."

"तुमचं काही असलं तर सांगा, घालते."

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "राहू दे." साहेब पडले. पुढच्या निवडणुकीत वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा ते परत माझ्याकडे आले. "तोच मजकूर द्या. फोटो तेवढा बदलू." वहिनी निवडून आल्या. एका मजकुरावर दोन निवडणुका काढणारी लेखिका भिवंडीत मीच असेन. खरं तर प्राचीच्या चौकटीत हेच टाकायला हवं.

तिसरं काम शेलार गावचं, आमच्याच समाजातलं. मिलिंद नावाच्या मुलाचे वडील गेले होते. आमच्याकडे माणूस गेल्यावर काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. बुद्धवंदना होते आणि मग एकेकजण उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतो. मिलिंदला बोलायचं होतं, पण काय बोलायचं ते कळत नव्हतं. वडील जन्मभर लूमवर होते आणि घरी कधी बोलायचेच नाहीत. मिलिंद मला म्हणाला, "मावशी, मला माझ्या बापाबद्दल एक पण गोष्ट माहीत नाय. ड्युटीवर जायचे, ड्युटीवरून यायचे. काय सांगू लोकांना?" आणि रडायला लागला. तो बाप गेल्यापेक्षा या गोष्टीनेच जास्त खचला होता.

मी त्यांच्या कारखान्यात गेले. खटखटाटात कोणाला काय विचारणार? तिथे रामसुमेर म्हणून एक उत्तर प्रदेशी कामगार भेटला. मिलिंदचे वडील ज्या लूमवर रात्रपाळी करायचे, त्याच लूमवर हा दिवसपाळी करायचा. दोघांची भेट पाळी बदलताना उभ्या उभ्या व्हायची तेवढीच. लूमवर धोट्यात सुताची कांडी असते. ती संपली की लूम थांबवून नवी घालावी लागते. पाळी संपत आली की कोणीही ती पुढच्यावर सोडून निघतो.

"वो नहीं छोडते थे," रामसुमेर म्हणाला. "जाते जाते नया कांडी डाल के जाते थे. हमको आते ही चाय पीने का टाइम मिल जाता था. कभी बोले नहीं कि हम डाल के जा रहे हैं. हम भी कभी बोले नहीं कि हमको मालूम है."

मी मिलिंदला तेवढंच लिहून दिलं. त्याच्या आत्याला ते पटलं नाही. "घरातल्या मानसांचा सोडून परक्याचा कशाला?" पण मिलिंदने तेच वाचलं. रामसुमेर मागे चपलांपाशी बसला होता. आपलं नाव ऐकून त्याला वाटलं, बोलावलंच आहे, म्हणून तो उठून उभा राहिला. सगळ्यांनी वळून पाहिलं. तो हात जोडून तसाच उभा राहिला आणि भाषण संपेपर्यंत बसला नाही. ते भाषण काही छापलं गेलं नाही. मिलिंदने हातातल्या कागदावरून वाचलं, तेवढंच.

मग काळ बदलला, असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर मीच हळूहळू बदलले. लूमचे कारखाने बंद पडत गेले आणि हायवेच्या दोन्ही अंगांना गोदामं उभी राहिली. रफीकभाईंच्या पत्रिका मोबाइलवर गेल्या, पत्रकांचे फ्लेक्स झाले. त्यांचे डोळेही अधू झाले. एक दिवस प्रेस बंद झाली आणि ते पडघ्याला मुलाकडे राहायला गेले. मी त्यांना म्हटलं, "पडघा काय लांब आहे? येत जाईन." गेले नाही. पडघा खरंच लांब नाही, म्हणूनच जाणं झालं नाही.

मला गोदामवाल्या कंपन्यांची कामं मिळायला लागली. आसपासच्या गावांत वाटायला मराठी परिचयपत्रकं लागतात. 'अत्याधुनिक सुविधांनी सुसज्ज', 'स्थानिकांच्या प्रगतीसाठी कटिबद्ध'. सुरुवातीला मी साइटवर जायचे, लोकांशी बोलायचे आणि काहीतरी जिवंत घालायचे. वरून ते खोडून यायचं. 'जरा प्रोफेशनल ठेवा.' मग मी साइटवर जाऊन आले तरी कागदावर त्यांना हवं तेच उतरवायला लागले. काम पटकन व्हायचं. कोणी खोडायचं नाही. आणि फोन वाजायचा नाही, संध्याकाळचा.

त्या फोनची मला किती आठवण यायची, हे कोणाला सांगायची सोय नव्हती. मजकूर पाठवला की अजूनही मी सवयीने फोन जवळ घेऊन बसायचे. तो वाजायचा, पण 'मॅडम, जीएसटी नंबर टाका' असं सांगायला.

काही महिन्यांपूर्वी अशीच एका कंपनीत गेले होते. तिथला मॅनेजर तरुण होता, अतिशय नम्र. त्याने मला चहा दिला आणि टेबलावर दोन कागद ठेवले. "मॅडम, राग मानू नका. एक तुम्ही पाठवलेला मजकूर आहे, आणि दुसरा मी माझ्या फोनवर एआयकडून सहज बनवून घेतला. सांगा बरं, तुमचा कोणता?"

मी दोन्ही वाचले. पुन्हा वाचले. मग बोट ठेवलं. बोट चुकीच्या कागदावर पडलं.

तो काही वाईट बोलला नाही. "दोन्ही छानच आहेत, मॅडम," म्हणाला. त्या चांगुलपणाने मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं मूल गर्दीत आपल्यालाच ओळखू येऊ नये, तसं काहीतरी झालं होतं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत प्राचीने त्या चौकटीवर बोट ठेवलं.

तेव्हा मला कळलं की याचं उत्तर माझ्याकडे नाहीच. ते एकाच माणसाकडे आहे, आणि तो पडघ्याला आहे.

जाताना मी पिशवीत तीन कागद घेतले. एक, मॅनेजरने दाखवलेल्यांपैकी माझा. दुसरा, दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेलं एका पतपेढीचं पत्रक. तिसरा, मिलिंदच्या भाषणाचा कच्चा खर्डा. तो रफीकभाईंनी कधी पाहिलाच नव्हता. त्यांची परीक्षा घ्यायला निघाले होते असं वरवर दिसलं असतं. परीक्षा माझी होती.

घर हायवेच्या मागच्या आळीत. ट्रक गेला की खिडकीची काच किणकिणत होती. रफीकभाई खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, वाळून गेलेले. चष्मा नव्हता. चष्म्याचा उपयोग राहिला नव्हता. मुलगा साजिद एका गोदामात कामाला. सून शबाना मूळची कोकणातली, मराठी शाळेत शिकलेली. ती त्यांना रोज पेपर वाचून दाखवते.

"अब्बा, ओळखा कोण आलंय."

मी "रफीकभाई" एवढंच म्हटलं.

"अरे! मॅडम!" त्यांनी हवेत हात पुढे केला. "इतने साल? बैठो, बैठो. शबाना, चाय रख. आणि ते मोठ्या कपात दे हां, मॅडमला छोटा चालत नाय."

इकडचं तिकडचं बोलणं झालं. बिर्याणीवाला अजून आहे का, लूम किती उरले, माझा गुडघा, त्यांची साखर. मग मी धीर करून सांगितलं की तीन कागद आणलेत. यातला माझा कोणता ते ओळखायचं.

ते एकदम ताठ बसले. "अच्छा! इम्तेहान! पढ, बेटा."

शबानाने पहिला वाचला, गोदामाचा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. अर्धा वाचून व्हायच्या आतच त्यांनी हात हलवला. "ये तो साजिद लाया था कंपनी से. तूनेही सुनाया था ना? नाही. हे मॅडमचं नाही."

शबानाने माझ्याकडे पाहिलं. मी मानेने तिला पुढे वाच म्हणून खुणावलं.

दुसरा पतपेढीचा. "हे पण नाही."

तिसरा. शबाना चांगली वाचते, न अडखळता. 'माझे वडील घरी फार बोलत नसत' असं सुरू होतं. रफीकभाई डोळे मिटून ऐकत होते. रामसुमेरचं नाव आलं आणि त्यांनी खाटेवर थाप मारली.

"बस! माल पकडा गया!"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. शबाना उठून पाणी घेऊन आली. मी पाणी प्यायले आणि इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "कसं ओळखता, रफीकभाई?"

"उसमें क्या है?" त्यांना खरोखरच नवल वाटलं. "मी किती लोकांचा माल टाईप केला. जिसका सत्कार, उसीका लिखते हैं. जो मर गया, उसीका लिखते हैं. तुमच्यात बाजूवाला येतो."

"बाजूवाला?"

"हां. हर आदमी के बाजू में कोई तो होता है ना? मास्टर के बाजू में वो खिचडीवाली बाई. वो नेताजी के बाजू में बीवी. बाकी लोग उसको देखते नहीं. तुम्ही त्याला खुर्ची देता. मी टाईप करता करता वाट बघायचो, अब आएगा बाजूवाला, अब आएगा. आला, की फोन लावायचो." मग जरा थांबून म्हणाले, "वो मूळव्याध में भी एक बीवी थी, इसलिए धोका हुआ."

इतकं साधं होतं. मला कधी दिसलंच नव्हतं. मी लोकांच्या घरी जायचे, ज्याचं काम आहे तो बोलायचा नाही, म्हणून शेजारच्याला विचारायचे. मला ती माझी अडचण वाटायची.

"रफीकभाई," मी म्हटलं, "पहिला कागद माझाच होता."

काचा किणकिणल्या. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

"साजिद ऐसे कितने कागज लाता है," ते म्हणाले. "हायवे के सब गोदाम के. मैं सब सुनता हूँ. सवय आहे ना, छापलेलं दिसलं की वाचायचं. सुनते सुनते देखता था, मॅडम का कुछ आता है क्या." त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली, पण जरा चुकीच्या बाजूला. "कभी नहीं आया. मुझे लगा, आपने लिखना छोड दिया."

त्यातले कितीतरी कागद माझे होते. हा माणूस इथे अंधारात बसून ते सगळे ऐकत होता, मला शोधत होता, आणि मी त्यातल्या एकातही नव्हते. इतकी वर्षं मला वाटत होतं की वाट मी एकटीच बघते आहे.

"नवीन काय आहे ते ऐकवा की," ते म्हणाले. "पुराना बहोत हो गया."

पिशवीत काही नव्हतं. नवीन असं काही नाहीच, हे सांगायची मला लाज वाटली. "त्या गोदामात कोणी नव्हतं का बाजूवाला?" त्यांनी विचारलं. टोचून नव्हे, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

होती. त्या कंपनीच्या गेटपाशी एक बाई चहा विकायला बसते. साइट बघायला गेले होते तेव्हा मी तिच्याकडे चहा प्यायले होते, चांगली तासभर बसले होते आणि कागदावर तिचा एक शब्दही आणला नव्हता.

"सांगा," रफीकभाई म्हणाले.

मी सांगायला लागले. गोदामाच्या गेटवर हिराबाई बसते. जिथे आज गेट आहे, तिथे तिची खलाटी होती, भाताची. जमीन विकली तेव्हा नवरा तिला म्हणाला होता की आता तिकडे वळून बघायचं नाही. तो गावात राहतो आणि इकडे फिरकत नाही. तिला मात्र दुसरीकडे करमत नाही. ती मला म्हणाली होती, "सकालची गेट उघडते तवा पयला पाऊल माझा पडते. त्यांना वाटते, चायवाली आली. मना वाटते, शेतावर आले." पावसाळ्यात ट्रकच्या चाकांनी चिखल झाला की ती चपला काढून चालते. वॉचमन तिला हसतो, पण तिच्यासाठी दोन मिनिटं आधी कुलूप काढतो. कोणी सांगितलेलं नसताना.

मी सांगत होते आणि सांगता सांगता वाक्यं आपोआप जुळत होती, पूर्वी जुळायची तशी. मधेच माझं लक्ष खाटेकडे गेलं. रफीकभाईंचे डोळे मिटलेले होते आणि दोन्ही हातांची बोटं मांडीवर हलत होती. एकेक अक्षर दाबत, मधे अंगठ्याने जागा सोडत.

मी थांबले, तशी बोटंही थांबली.

"सावकाश, मॅडम," ते म्हणाले. "तो वॉचमन फिर से बोलो. वो छूट गया."

शबानाने आतल्या खोलीतला टीव्ही बंद केला, आणि मी वॉचमनपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.